गो-कार्ट म्हणजे छोटी मोटार नव्हे

माझ्या पहिल्या गो-कार्टच्या फेऱ्यांचा कागद मी अजून जपून ठेवला आहे. ट्रॅकच्या काउंटरवर पावतीसारखा छापून मिळतो तो. दहा फेऱ्या, प्रत्येकीची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. सर्वांत वेगवान आणि सर्वांत संथ फेरीत साडेचार सेकंदांचं अंतर. तेव्हा माझ्या गाठीशी वीस वर्षांचं ड्रायव्हिंग होतं. ताम्हिणी आणि आंबा घाट भर पावसात पार केलेले होते, कुठल्या गाडीत कुठलं इंजिन हे तोंडपाठ होतं. त्याच सत्रात पंधरा वर्षांची एक मुलगी माझ्यापेक्षा फेरीमागे चार सेकंद वेगवान होती. हेल्मेट काढून ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "काका, बाइकवर झुकतात तसे तुम्ही वळणात आत झुकता. सरळ बसा. आणि ब्रेक वळायच्या आधी संपवा."

तिच्या त्या बोलण्यात काय काय दडलं आहे हे समजायला मला पुढचे काही महिने लागले. गाड्यांचं वेड असलेला माणूस कार्टिंगकडे येतो तो अनेक पक्क्या समजुती घेऊन. मीही तसाच आलो होतो. पण त्यातल्या बऱ्याच समजुती चुकीच्या आहेत, आणि त्यांच्यामुळे कितीतरी जण एकदा फेरी मारून "ठीक आहे, मजा आली" म्हणत परत जातात ते कायमचे. याची मला मनापासून हळहळ वाटते.

"हा लहान मुलांचा खेळ"

मॉलच्या गच्चीवर वाढदिवसाची पोरं कार्ट चालवताना दिसतात, म्हणून हा समज. पण पहिली कार्ट एका मोठ्या माणसाने स्वतःसाठी बनवली. 1956 साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या कारागिराने नळ्या जोडून एक सांगाडा तयार केला आणि त्यावर गवत कापायच्या यंत्राचं उरलेलं, जेमतेम अडीच हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलं. इंगल्स कर्टिस क्राफ्ट या कारखान्यात कामाला होता. इंडियानापोलिसच्या 500 मैलांच्या शर्यतीत जिंकणाऱ्या गाड्या बनवणारा तो कारखाना. म्हणजे ज्याचे हात दिवसभर खऱ्या रेसिंग गाड्यांत असत, त्याला सुट्टीत चालवायला ही चार चाकांची चौकट हवीशी वाटली.

पुढे हीच चौकट मोटर रेसिंगची पहिली शाळा झाली. मायकेल शूमाकर चार वर्षांचा असताना त्याच्या गवंडीकाम करणाऱ्या वडिलांनी पायडलच्या गाडीला मोपेडचं इंजिन जोडून दिलं. फर्नांडो अलोन्सोच्या वडिलांनी कार्ट बनवली होती ती खरं तर मोठ्या मुलीसाठी. तिला ती आवडली नाही, म्हणून ती धाकट्याकडे आली. आणि आयर्टन सेना, ज्याच्या नावावर फॉर्म्युला वनची तीन विश्वविजेतेपदं आहेत, त्याला कार्टिंगचं विश्वविजेतेपद एकदाही मिळालं नाही. 1979 आणि 1980, दोन्ही वर्षी तो दुसरा आला. पुढे त्याला सर्वांत समाधान देणारा प्रतिस्पर्धी कोण असं विचारलं, तेव्हा त्याने फॉर्म्युला वनमधल्या कुणाचंही नाव न घेता कार्टिंगमधल्या टेरी फुलर्टनचं घेतलं.

"गाडी उत्तम चालवतो, मग कार्ट सोपीच"

इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण सगळी गंमत यातच आहे.

आपल्या मोटारीच्या चालत्या चाकांमध्ये डिफरन्शियल असतो. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं आणि आतल्याला कमी. डिफरन्शियल दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतो. कार्टमध्ये तो नसतो. मागची दोन्ही चाकं एकाच सलग लोखंडी दांड्यावर घट्ट बसवलेली असतात. एक जितकं फिरेल तितकंच दुसरं फिरणार. त्यामुळे स्टिअरिंग वळवलं तरी मागची चाकं कार्टला सरळच ढकलत राहतात. शिवाय स्प्रिंग, शॉक अ‍ॅबसॉर्बर यांतलंही काहीच नसतं.

मग ती वळते कशी? आतलं मागचं चाक उचलून. स्टिअरिंग फिरवलं की पुढच्या चाकांच्या तिरक्या बसणीमुळे आतलं पुढचं चाक खाली दाबलं जातं आणि बाहेरचं वर जातं. सांगाड्याच्या नळ्या पीळ घेतात आणि आतलं मागचं चाक जमिनीवरून किंचित, काही मिलिमीटर, सुटतं. आता कार्ट तीन चाकांवर आहे, आणि तीन चाकांवर ती छान वळते. वळण संपताना स्टिअरिंग मोकळं सोडलं की चाक परत टेकतं आणि दोन्ही चाकं मिळून ढकलू लागतात. सांगाड्याचा हा पीळ हेच कार्टचं सस्पेन्शन. रेसिंग संघ दांड्याची जाडी, सीटची जागा, पुढच्या चाकांमधलं अंतर असं कायम बदलत असतात ते याचसाठी: चाक किती उचलावं आणि किती वेळ हवेत राहावं, हे ट्रॅकनुसार जुळवायला.

आता त्या मुलीचं म्हणणं आठवा. आपण महाराष्ट्रात बहुतेक जण दुचाकीवर वाढलो, त्यामुळे वळण दिसलं की अंग आपोआप आत कलतं. पण चालकाचं वजन ही कार्टमधली मोठी गोष्ट आहे. भाड्याची कार्ट साधारण दीडशे किलोची आणि वर आपण सत्तर-ऐंशी किलो. आपण आत कललो की जे चाक उचलायला हवं त्याच्यावरच वजन पडतं. ते जमिनीला चिकटून राहतं आणि कार्ट रुसल्यासारखी सरळ जाते. मग आपण स्टिअरिंग आणखी पिळतो, पुढचे टायर कर्र करत घासतात आणि वेग मरतो.

ब्रेकचंही तसंच. बहुतेक कार्टना ब्रेक फक्त मागच्या दांड्यावर असतो. मोटारीत आपण वळणात शिरतानाही ब्रेकवर पाय ठेवतो आणि एबीएस सांभाळून घेतं. कार्टमध्ये स्टिअरिंग वळलेलं असताना जोरात ब्रेक दाबला तर मागची चाकं अडकतात आणि कार्ट गर्रकन उलटी फिरते. माझी पहिल्या दिवशी दोनदा फिरली. म्हणून ब्रेक सरळ रेषेत, एकदाच आणि ठाम मारायचा, मग सोडून वळायचं. ब्रेक डाव्या पायाने, अ‍ॅक्सिलरेटर उजव्या पायाने. क्लच सेंट्रिफ्यूगल, म्हणजे इंजिनच्या गतीने आपोआप लागणारा, त्यामुळे क्लचचं पायडलच नाही. वीस वर्षं क्लच दाबलेल्या डाव्या पायाला ब्रेकवर हळुवार व्हायला वेळ लागतो. सुरुवातीला तो क्लचसारखाच धाडकन दाबतो.

आणि सिनेमात दिसणारं टायर घासत सरकणं? ते दिसतं देखणं, पण नऊ हॉर्सपॉवरच्या इंजिनाला गमावलेला वेग परत कमावायला अख्खी सरळ रेघ पुरत नाही. कार्टमध्ये टायर ओरडत असले की आपण हळू जात आहोत असं समजावं. तेव्हा मला हे कळलं असतं तर!

"साठच्या वेगात काय ती मजा?"

भाड्याच्या कार्टला बहुधा 200 ते 270 सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन असतं आणि ती पन्नास-साठच्या पुढे फारशी जात नाही. एक्स्प्रेसवेवर शंभरने जाणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटतो. पण कार्टमध्ये आपण जमिनीपासून बोटभर उंचीवर बसलेले असतो, वाऱ्याला उघडे. शिवाय खरी कसोटी वळणातल्या जोराची असते. रेसिंग कार्ट वळणात आपल्या वजनाच्या दुपटीहून जास्त जोराने आपल्याला बाजूला ढकलते. सीट फायबरची, कडक आणि कुशनशिवाय असल्याने बरगड्यांवर काळेनिळे डाग पडतात. म्हणून नियमित चालवणारे बरगड्यांना खास पट्टा बांधतात. पॉवर स्टिअरिंग नसल्यामुळे दहा मिनिटांत मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू दगड होतात. नवखा माणूस भीतीने स्टिअरिंग आवळून धरतो, त्याचे हात तर पाचव्या फेरीतच संपतात. पकड हलकी ठेवणं हा पहिल्या दिवशी मिळालेला सर्वांत उपयोगी सल्ला होता.

वेगच हवा असेल तर पुढच्या पायऱ्या आहेत. 125 सीसीची टू-स्ट्रोक रोटॅक्स मॅक्स कार्ट ताशी शंभराच्या पार जाते. सहा गिअरच्या केझेड वर्गातल्या कार्ट तर त्याहून तिखट, आणि त्यांना पुढच्या चाकांनाही ब्रेक असतात.

"सीट बेल्ट नाही, म्हणजे धोका" आणि "हेल्मेट घातलं की झालं"

हे दोन उलट्या टोकांचे गैरसमज. रेसिंग कार्टला बेल्ट नसतो तो मुद्दाम. मोटारीत बेल्ट आपल्याला एका मजबूत पिंजऱ्यात धरून ठेवतो. कार्टला पिंजराच नाही. ती उलटली तर तिच्याशी बांधलेलं असण्यापेक्षा बाहेर फेकलं जाणं कमी धोक्याचं. म्हणूनच कार्टिंगचा पोशाख रस्त्यावर घासल्यास न फाटणाऱ्या कापडाचा असतो, तर मोटारीच्या शर्यतीतला आगीपासून वाचवणारा. भाड्याच्या काही कार्टना वर संरक्षक कमान असते. तिथे बेल्ट असतो आणि तो लावलाच पाहिजे.

आपल्याकडे खरा धोका पाठीमागे असतो, आणि त्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. कार्टचा फिरणारा दांडा आणि साखळी सीटच्या अगदी मागे असते. 2018 साली हरियाणातल्या पिंजोर इथे कार्टमध्ये बसलेल्या एका महिलेचे केस चाकात अडकून तिचा मृत्यू झाला. लांब केस असतील तर ते वर घट्ट बांधून डोक्याला चिकटून बसणाऱ्या टोपीत, आणि टोपी हेल्मेटच्या आत. ओढणी, स्कार्फ, साडीचा पदर, जॅकेटची लोंबती नाडी, यांतलं काहीही अंगावर ठेवून कार्टमध्ये बसू नये. एखाद्या ट्रॅकवर हे कुणी तपासत नसेल, मागच्या दांड्यावर झाकण नसेल, किंवा ढिलं हेल्मेट देऊन "चालतंय" म्हणत असतील, तर पैसे परत मागा आणि निघा. मी एकदा असा निघालो आहे आणि त्याचा मला अजिबात पश्चात्ताप नाही.

पायात बंद बूट हवेत, चप्पल किंवा सँडल नको. आणि ही बंपर कार नाही. मागून ठोकलं तर मार्शल काळा झेंडा दाखवून बाहेर काढतो. निळा झेंडा दिसला की मागचा वेगवान आहे, त्याला वाट द्यायची. त्यात कमीपणा नाही. तो पुढे गेल्यावर त्याच्या मागे राहून तो ब्रेक कुठे मारतो ते पाहायला मिळतं, आणि ती शिकवणी फुकट असते.

"वय झालं, वजन जास्त, आणि खिसा हलका"

वयाचं आधी. मुंबईचा जेहान दारूवाला 2011 साली फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाच्या शोधमोहिमेतून निवडला गेला आणि डिसेंबर 2020 मध्ये बहारीनमध्ये फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. तसं व्हायचं असेल तर लवकर सुरुवात हवी, हे खरं. पण प्रत्येकाला तिथेच जायचं नसतं. रोटॅक्सच्या स्पर्धांत डीडी2 मास्टर्स नावाचा वर्गच 32 वर्षांवरच्यांसाठी आहे. मुलगे आणि मुली इथे एकाच शर्यतीत धावतात, वेगळा गट नसतो. वडोदऱ्याची मीरा एर्डा अशीच मुलांबरोबर कार्टिंग करत पुढे फॉर्म्युला गाड्यांपर्यंत पोहोचली.

वजनाची तक्रार अर्धी खरी आहे. भाड्याच्या कार्टमध्ये पन्नास किलोचा चालक नव्वद किलोच्या चालकापेक्षा सरळ रेषेत पुढे जातो, हे मान्य करून टाकावं. स्पर्धेत मात्र चालकासह कार्टचं किमान वजन ठरलेलं असतं आणि हलक्या चालकाला सीटला शिशाच्या पट्ट्या लावाव्या लागतात.

पैशांबद्दल सरळ बोलू. स्वतःची कार्ट, टायर, इंजिनाची ठरावीक तासांनी होणारी देखभाल, स्पर्धांचा प्रवास, हा लाखांतला मामला आहे आणि तो सगळ्यांना परवडणारा नाही. पण सुरुवातीला त्यातलं काहीच लागत नाही. भाड्याच्या कार्टवर दहा-बारा मिनिटांचं एक सत्र मित्रांबरोबर हॉटेलात जेवण्याच्या खर्चात बसतं. वाहन चालवायचा परवानाही लागत नाही, कारण ट्रॅक हा सार्वजनिक रस्ता नाही. परवाना लागतो तो अधिकृत स्पर्धेसाठी, आणि तो फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाकडून काढावा लागतो. आपल्या कोल्हापुरात मोहिते यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. पहिली पायरी म्हणून अशी शर्यत कठड्यापाशी उभं राहून एकदा पाहावी. टू-स्ट्रोक तेलाचा वास आणि पहिल्या वळणात एकदम शिरणाऱ्या वीस कार्ट अनुभवल्या की पुढचं आपोआप होतं.

एवढं वाचून कुणाला जावंसं वाटलं तर माझी सुचवणूक अशी. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा, गर्दी नसते. एका दिवसात दोनच सत्रं घ्या. तिसऱ्यात हात थकतात आणि चुकाच पक्क्या होतात. पहिल्या दोन फेऱ्यांत टायर गार असतात, तेव्हा घाई नको. प्रत्येक सत्रात एकच गोष्ट धरा: आज फक्त ब्रेक सरळ रेषेत, उद्या फक्त नजर वळणाच्या बाहेर पडायच्या जागेवर. आणि छापील कागद घरी आणा. त्यावरची सर्वांत वेगवान फेरी सगळेच पाहतात, तुम्ही सर्वांत वेगवान आणि सर्वांत संथ फेरीतलं अंतर पाहा.

माझ्या पंधराव्या सत्राच्या कागदावर ते अंतर सहा दशांश सेकंदांवर आलं होतं. ट्रॅकचं चौथं वळण डावीकडे जातं आणि आत जाता जाता अरुंद होतं. उरलेला बहुतेक वेळ मी तिथेच घालवतो, ब्रेक अजून जरा उशिरा सोडतो म्हणून. बुधवारी सकाळी सात वाजताचं सत्र घेतलं आहे, फक्त त्या वळणासाठी.