कणांच्या अंगरख्याची लांबी कशी मोजतात?

ग्वाल्हेर म्हटले की आपल्याला शिंद्यांचा राजवाडा आणि ख्याल गायकी आठवते. पण लांब साखळीच्या रेणूंशी, म्हणजे बहुवारिकांशीही या शहराचे जुने नाते आहे. १९४७ साली इथे 'ग्वालियर रेयॉन' ही कंपनी स्थापन झाली. तीच आजची ग्रासिम. सुरुवातीला इथे कापड विणले जाई. पुढे १९५४ साली नागद्याला तंतूंचे उत्पादन सुरू झाले.

रेयॉन म्हणजे लाकडातले सेल्युलोज. त्याची साखळी तुटून आखूड झाली की धागा कमजोर होतो. म्हणून सेल्युलोज विरघळवून अरुंद काचनळीतून सोडतात आणि वेळ मोजतात. साखळी लांब तितके द्रावण दाट, आणि दाट पेजेसारखे ते सावकाश उतरते.

आज हाच प्रश्न औषधात आला आहे. केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या भागाएवढ्या कणात औषध भरतात आणि वरून बहुवारिकाचा अंगरखा चढवतात. १९९५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले कर्करोगावरचे 'डॉक्सिल' असेच आहे. अंगरखा तोकडा किंवा विरळ झाला, तर यकृत आणि प्लीहा कण लवकर टिपून घेतात. फार लांब झाला, तर कण पेशीला नीट भिडत नाही. दोन्हीकडे तोटा रुग्णाचाच.

अडचण ही, की साखळीचे एक टोक कणाला घट्ट बांधलेले असते. सुकी भुकटी तापवली तर बहुवारिक जळून जाते आणि घटलेल्या वजनावरून त्याचे प्रमाण कळते. पण तेवढ्याने भागत नाही. सारख्याच वजनाचे केस थोडे पण लांब असू शकतात, किंवा पुष्कळ पण आखूड!

म्हणून गाभा वाळूच्या जातीचा, म्हणजे सिलिकाचा असेल, तर तो हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवतात. हे आम्ल अतिशय घातक, त्यामुळे काम जपून करावे लागते. मोकळ्या झालेल्या साखळ्या सच्छिद्र मण्यांनी भरलेल्या नळीतून सोडतात. आखूड साखळ्या छिद्रांत शिरत रेंगाळतात, लांब साखळ्या आधी बाहेर पडतात. ठाऊक वजनाच्या साखळ्यांशी तुलना केली की रेणुभार कळतो.

मात्र आम्लाने साखळीच तुटली तर? त्यासाठी तशाच मोकळ्या साखळ्यांना आधी आम्लस्नान घालून पाहतात. त्या शाबूत राहिल्या, तरच मापावर भरवसा ठेवायचा.