सी भाषेंत ओळीओळीनें वाचन

मोठ्या फाइलींतील मजकूर सी भाषेंत ओळीओळीनें वाचावयाचा असेल तर कोणतें साधन घ्यावें, व तें जलद चालेल काय, असें विद्यार्थी आम्हांस वारंवार विचारतात. प्रश्न एक दिसतो. परंतु त्याच्या पोटांत दोन आहेत.

पहिला वेगाचा. डिस्कवरील मजकूर हवा असल्यास आपल्या आज्ञावलीस कार्यप्रणालीकडे मागणी करावी लागते, आणि अशी प्रत्येक मागणी वेळ खाते. एकेका अक्षरासाठीं मागणी करणें म्हणजे विहिरीवरून वाटीवाटीनें पाणी आणणें होय. म्हणून भाषेबरोबर मिळणारीं तयार साधनें मजकुराचा मोठा भाग, पुष्कळदां ४०९६ बाइट, एकदम मेमरींत आणून ठेवितात व त्यांतून लागेल तितका देतात. घागर एकदां घरीं आली कीं वाटी हवी तितक्या वेळां बुडवावी! या साठ्यास बफर म्हणतात. वेगाचा बहुतेक लाभ येथेंच होतो. पुढील युक्त्यांनीं मिळणारा लाभ त्यामानानें थोडा.

दुसरा प्रश्न ओळीच्या लांबीचा, व आमच्या मतें हाच अधिक महत्त्वाचा. ओळ किती लांब आहे हें ती संपेपर्यंत कळत नाहीं. 'गेट्स' नांवाचें जुनें साधन ओळ वाचून तुमच्या पात्रांत ओतीत असे. पण पात्र केवढें आहे हें तें विचारीतच नसे. याचें फळ १९८८ सालच्या नोव्हेंबरच्या २ तारखेस दिसलें. रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्यानें सोडलेली एक आज्ञावली इंटरनेटवर यंत्रामागून यंत्रांत शिरूं लागली. तिच्या वाटांपैकीं एक अशी : 'फिंगर' नांवाची सेवा गेट्सच्या साह्यानें ५१२ बाइटांच्या पात्रांत ओळ घेई, तिला त्याहून लांब ओळ पाठविली कीं मजकूर शेजारच्या मेमरींत सांडे, आणि पाठविणाऱ्याचेच हुकूम तेथें चालूं लागत. पुढें २०११ च्या प्रमाणांतून गेट्स काढून टाकण्यांत आलें. जुन्या क्रमिक पुस्तकांत तें अजूनही आढळतें; विद्यार्थ्यांनीं त्यास हात लावूं नये.

त्याऐवजीं 'एफ-गेट्स' घ्यावें. त्यास पात्राचें माप सांगावें लागतें. माप १०० सांगितल्यास तें फार तर ९९ बाइट वाचतें व शेवटची जागा समाप्तिचिन्हासाठीं ठेवितें. ओळीच्या अंतींचें नव्या ओळीचें चिन्हही तें आपल्याबरोबर आणतें. तें चिन्ह आलें नसेल, तर ओळ अर्धीच आली आहे, किंवा फाइलच संपली आहे, असें समजावें.

मराठी मजकूर वाचतांना तर ही तपासणी फारच जरूर आहे. यूटीएफ-८ पद्धतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतें. 'शाळा' या शब्दांत काना धरून ४ चिन्हें, म्हणजे १२ बाइट. शब्दांमधील मोकळी जागा मात्र एकच बाइट घेते, त्यामुळें ९९ व्या बाइटवर सुरी पडली तर ती अक्षराच्या मधोमधही पडूं शकते. असा अर्धा तुकडा तसाच पडद्यावर छापला कीं अक्षर बिघडतें, व मुलें फॉन्टास दोष देतात!

पात्र आपोआप वाढवून घेणारें साधन म्हणजे 'गेट-लाइन'. २००८ सालीं तें पॉझिक्स प्रमाणांत आलें. लिनक्सवर तें मिळतें. एकच पात्र सर्व ओळींसाठीं पुन्हां पुन्हां वापरावें, व काम संपल्यावर एकदांच मोकळें करावें. प्रत्येक ओळीस नवें घेतल्यास वेळ व्यर्थ जातो. मात्र एखाद्या फाइलींत नव्या ओळीचें चिन्ह मुळींच नसेल, तर गेट-लाइन सगळी फाइल एक ओळ समजून मेमरी मागत सुटेल. म्हणून घरच्या फाइलीसाठीं गेट-लाइन, आणि परक्याकडून येणाऱ्या मजकुरासाठीं मर्यादा घातलेलें एफ-गेट्स, अशी वांटणी आम्ही सुचवितों.

आणखी एक. फाइल संपली काय हें 'एफ-ई-ओ-एफ' ला आधीं विचारून मग वाचण्याची रीत मुलांत फार आहे. तें साधन वाचन एकदां फसल्यावरच होय म्हणतें. त्यामुळें शेवटची ओळ दोनदां छापली जाते. वाचनाचें फळ काय मिळालें तेंच पाहावें, व रिकामें आल्यास थांबावें.