घरसामानाचा बाजार

धान्य, तेल, औषध हे जिन्नस संपले कीं आणावेच लागतात. कपाट, पलंग, मेज यांची गोष्ट निराळी. मोडक्या पायाची खुर्ची भिंतीला टेकवून आणखी पांच वर्षें सहज निभावते. (आमच्या शिक्षककक्षांत तशी एक आहे.) खरेदी पुढें ढकलतां येते, यांतच घरसामानाच्या व्यापाराचें मर्म आहे. मंदीची चाहूल लागतांच गृहस्थ हा खर्च प्रथम थांबवितो.

शिवाय ही मागणी घरांच्या मागोमाग चालते. अमेरिकेंत २००५ सालीं सुमारें २० लक्ष नव्या घरांची बांधणी सुरू झाली होती; कर्जांचा डोलारा कोसळल्यावर २००९ सालीं ती संख्या साडेपांच लक्षांवर आली. चिनी मालाच्या स्पर्धेनें आधींच जेरीस आलेले नॉर्थ कॅरोलायना प्रांतांतील कित्येक कारागीर तेव्हां कामास मुकले. कर्जाच्या त्या व्यवहारांशीं त्यांचा कांहींएक संबंध नव्हता!

२०२० सालीं साथीमुळें लोक घरीं बसले, तेव्हां उलट मेज-खुर्च्यांस मागणी वाढली; परंतु २०२१ सालीं जहाजांचें भाडें कित्येक पटींनीं चढलें. मेज वजनापेक्षां जागाच फार अडवितें. म्हणून स्वीडनच्या इकिया पेढीनें १९५६ च्या सुमारास मेजाचे पाय सोडवून तें सपाट खोक्यांत पाठविण्याची तोड काढली होती. जोडणी गिऱ्हाइकानें करावयाची.

आतां हप्त्यांविषयीं. गतवर्षीं एका पालकांनीं फीसाठीं मुदत मागितली. चौकशीअंतीं कळलें कीं, मुलीच्या लग्नांत दिलेल्या पलंग-कपाटाचे हप्ते अजून चालू होते. किंमत २४,००० रुपये. सरसकट १२ टक्क्यांप्रमाणें वर्षाचें व्याज २,८८०. एकूण २६,८८०, म्हणजे दरमहा २,२४० प्रमाणें बारा हप्ते. आपण बारा टक्केच देत आहों, अशी त्यांची समजूत. परंतु प्रत्येक हप्त्याबरोबर मुद्दल घटत जातें, आणि व्याज मात्र अखेरपर्यंत मूळच्या पूर्ण रकमेवर आकारिलेलें असतें. घटत्या शिलकेवर हिशेब केला तर दर २१ टक्क्यांवर जातो. ‘बिनव्याजी’ हप्त्यांतही रोखीची सूट बहुधा गमवावी लागते, किंवा निराळ्या नांवानें शुल्क द्यावें लागतें. क्रेडिट कार्डावरील अशा शून्य टक्क्यांच्या योजनांस रिझर्व्ह बँकेनें २०१३ सालीं हरकत घेतली होती, ती याच कारणास्तव.

त्या गृहस्थांस मीं हा हिशेब फळ्यावर मांडून दाखविला. यंदा खुर्च्या घेतांना त्यांनीं प्रथम रोखीचा भाव विचारला. तो १,५०० रुपयांनीं कमी निघाला.