लग्न दादरला, धंदा लालबागला: एकाच पैशात दोन्ही कसं बसवायचं?

व्हिडिओत आकडे भराभर सांगितले, म्हणून इथे सावकाश मांडतोय. वही-पेन घेऊन बसा.

समजा, तुम्ही परळला राहता. लालबागला घरगुती मसाल्यांसाठी छोटा गाळा भाड्याने घ्यायचाय आणि त्याच वर्षी लग्नही ठरलंय. साठवलेले चार लाख हातात आहेत. घरचे म्हणतात, "लग्न काय रोज होतं का? कमी पडले तर पर्सनल लोन काढू." इथे जरा थांबा. पाच लाखांचं लोन, १४ टक्के व्याज, तीन वर्षं धरली तर महिन्याचा हप्ता बसतो साधारण १७,१०० रुपये. एकूण व्याज जातं १ लाख १५ हजारांच्या आसपास. पण खरं दुखणं व्याजाचं नाहीच. उद्या मुद्रा लोनसाठी बँकेत गेलात (किशोर गटात ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत), की साहेब आधी विचारणार, चालू हप्ते किती? धंदा सुरू व्हायच्या आधीच तुमची परतफेडीची ताकद मांडवात खर्च झालेली असते.

म्हणून लग्नाचं बजेट धंद्यासारखं मांडायचं. हॉलचं भाडं ठरलेलं असतं, माणसं २०० आली काय नि ४०० आली काय. ताटांचा खर्च मात्र डोक्यागणिक वाढतो. हे दोन खर्च वहीत वेगळे लिहा. समजा ताट ६०० रुपयांचं आहे. ४०० माणसांचे झाले २ लाख ४० हजार. यादी २५० वर आणली तर दीड लाख. एका यादीत ९० हजार वाचले! मेन्यूतून एक गोड पदार्थ काढून असे पैसे कधीच वाचत नाहीत.

आता यादी कापायची म्हणजे चाळीतल्या कोणाला बोलवायचं नि कोणाला नाही, हे भांडण आलंच. त्यावर गिरगाव-परळकडचा जुना तोडगा चांगला आहे: लग्नाला जवळचे, आणि बाकीच्या बिऱ्हाडांसाठी नंतर चाळीच्याच पटांगणात किंवा गच्चीवर सत्यनारायण आणि चहा-फराळ. कोणी रागवत नाही.

केटररशी बोलताना दरात घासाघीस करायच्या आधी 'गॅरंटी' किती ताटांची, ते ठरवा. गॅरंटी ३०० ची दिलीत आणि २४० जेवले, तरी पैसे ३०० चेच. म्हणून गॅरंटी थोडी कमी द्या आणि वाढीव ताटाचा दर आधीच लिहून घ्या. आणि हो, फार खाली खेचू नका. तुम्हीही उद्या माल विकणार आहात, तुम्हाला कळेल. ताटामागे पन्नास रुपये जबरदस्तीने कमी केलेत की तो ते तुमच्या श्रीखंडातून काढतो.

हळद, केळवण, साखरपुडा यांना मोठा केटरर लागतच नाही. आपल्या गिरणगावात तर ही परंपराच आहे. गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आजही चाळीत चौकशी केलीत तर पन्नास माणसांचं जेवण करून देणाऱ्या ताई सापडतात.

हॉलचे लपलेले खर्च

दादरला हॉल बघायला गेलात की भाडं ऐकून लगेच हो म्हणू नका. वीज मीटरप्रमाणे वेगळी का? एसी धरलाय का? साफसफाई, डिपॉझिट किती? बाहेरचा केटरर किंवा डेकोरेटर आणला तर रॉयल्टी द्यावी लागते का? ही रॉयल्टी कधी कधी इतकी असते की स्वस्त हॉल महाग पडतो. शिवाय कोटेशनमध्ये जीएसटी धरलाय का, ते विचारा. ज्याच्याकडे जीएसटी नंबरच नाही, त्याला तो बिलात लावता येत नाही.

तारीख ही दुसरी मोठी बचत. तुळशीच्या लग्नानंतर रविवारी सगळ्यांनाच हॉल हवा असतो. घरी पटत असेल तर पंचांगात चातुर्मासातले गौणकालाचे मुहूर्तही दिलेले असतात. किंवा मधल्या वारी संध्याकाळी लग्न ठेवा. हॉलवाल्यालाही रिकामी तारीख भरायची असते, तिथे बोलायला जागा मिळते.

नोंदणी पद्धतीने करणार असाल, तर विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा आणि तीन साक्षीदार लागतात. ऐनवेळी धावपळ करून होत नाही, हे लक्षात ठेवा.

पत्रिका गिरगावात खाडिलकर रोडला बघा, पण छापा फक्त कुलदैवताला आणि वडीलधाऱ्यांना द्यायला पुरतील एवढ्याच. बाकी व्हॉट्सॲप. साड्या हिंदमाताला. फुलांसाठी दादरच्या फूल मंडईत पहाटे जाणं स्वस्त पडतं खरं, पण हार गुंफायला घरात चार हात असतील तरच. नाहीतर आदल्या रात्री सगळं घर जागं आणि सकाळी फोटोत सगळ्यांचे डोळे सुजलेले.

मानपान मात्र व्याह्यांशी समोरासमोर बसून ठरवा. दोन्ही बाजूंनी पंचवीस-पंचवीस साड्या, दीड हजाराची एक, म्हणजे दोघांचे मिळून ७५ हजार. त्यातल्या किती नेसल्या जातात, ते आईला विचारा, ती खरं सांगेल. "आपण दोघंही आहेर बंद ठेवूया का?" असा विषय मुलाकडच्यांनी आधी काढलेला बरा, म्हणजे मुलीकडच्यांना अवघडल्यासारखं होत नाही.

शेवटचं काम आजच करा. गाळ्याचं डिपॉझिट आणि पहिल्या सहा महिन्यांचं भाडं जेवढं होईल, तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड घेऊच नका. उरलेल्या पैशांत लग्नाची यादी बसवायला लागा.