प्रथिनांना ‘सावधान’!

२०२० मध्ये टीव्हीवर करोनाचा काटेरी चेंडू दिसला की आजी विचारायची, “हे पाहिलं कोणी?” मला सांगता येत नसे.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने त्याच वर्षी भारतातील पहिल्या रुग्णाच्या नमुन्यात हा विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपला. त्याचा आकार ७५ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या रांगेत असे सुमारे १३ हजार उभे राहतील! पण त्या चित्रात बाह्याकार दिसतो, काट्याच्या प्रथिनातील अणूंची मांडणी नाही.

परेडच्या फोटोत जो हलतो, तो पुसट येतो. प्रथिनांचेही तसेच. शिवाय सूक्ष्मदर्शकात निर्वात असते, तिथे पाणी उडून जाते. हळूहळू गोठवले तर बर्फाचे स्फटिक होतात आणि चित्र बिघडते.

आमच्या घराजवळ, रायपूरच्या उरला औद्योगिक वसाहतीत, लालबुंद सळई पाण्याच्या फवाऱ्यातून जाते आणि तिचा बाहेरचा थर कडक होतो. बाबा म्हणतात, “किती वेगानं थंड केलं, त्यावर सगळं आहे.” झाक दुबोशे यांनी १९८० च्या दशकात पाण्यावर हेच केले. प्रथिनाच्या द्रावणाचा अतिपातळ थर सुमारे उणे १८० अंशांच्या द्रव इथेनमध्ये झटकन बुडवला. स्फटिक व्हायला वेळच मिळाला नाही. पाणी काचेसारखे गोठले आणि प्रथिने जागच्या जागी ‘सावधान’!

जास्त इलेक्ट्रॉन सोडले तर प्रथिन मोडते, म्हणून चित्रे अंधूक येतात. योआखिम फ्रँक यांनी निरनिराळ्या बाजूंची हजारो चित्रे संगणकाने जुळवून त्रिमिती आकार काढण्याची रीत दिली. रिचर्ड हेंडरसन यांनी १९९० मध्ये एका प्रथिनाची अणूंपर्यंतची रचना दाखवली. तिघांना २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

करोनाच्या काट्याचे प्रथिन पेशीत शिरताना आकार बदलते. दोन अमिनो आम्ले बदलली की ते मूळ आकारात टिकते, हे आधीच्या करोना विषाणूंवरून कळले होते. अमेरिकेत जेसन मॅक्लेलन यांच्या गटाने तसे स्थिर केलेले प्रथिन घेऊन फेब्रुवारी २०२० मध्ये त्याची रचना ०.३५ नॅनोमीटर बारकाईने मांडली. याच रीतीने स्थिर केलेले प्रथिन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या कोव्होव्हॅक्स लशीत आहे.

आजी लस येण्याआधीच गेली. तिच्या प्रश्नाचे उत्तर आता सापडले आहे. या सुट्टीत उरल्याला गेलो की ते आजोबांना सांगणार आहे.