विश्लेषण : सोलरचे पाणी नळापर्यंत येताना थंड का होते? पाइपला जाकीट घातल्याने नेमके काय वाचते?

हिवाळ्यात नांदेड आणि लातूरमधील अनेक घरांच्या गच्चीवर सोलर हीटरच्या टाकीत पाणी कढत असते. खालच्या मजल्यावर नळ सोडला की मात्र आधी बराच वेळ थंडच पाणी येते आणि ते बहुतेक वेळा मोरीत जाते. गच्चीवरून भिंतीलगत उतरणाऱ्या उघड्या पाइपला उष्णतारोधक आवरण, म्हणजे इन्सुलेशन, घातले की हा प्रश्न सुटतो असे सांगितले जाते. ते कितपत खरे आहे? या जाकिटाने काय वाचते, काय वाचत नाही आणि खर्च करण्याआधी काय तपासावे?

टाकीतले पाणी टिकते, मग पाइपमधले का नाही?

सोलर हीटरच्या टाकीला कारखान्यातच पफ म्हणजे पॉलियुरेथेन फोमचा जाड थर दिलेला असतो. साधारण ५० मिलिमीटरचा हा थर शाबूत असेल, तर २०० लिटरच्या टाकीतले पाणी रात्रभरात काही अंशांनीच उतरते. पाणी जास्त आणि त्या मानाने उघडा पृष्ठभाग कमी, हे त्याचे एक कारण.

पाइपचे गणित उलटे असते. त्यात पाणी थोडे आणि त्याला वेढणारा पृष्ठभाग मोठा. परातीत ओतलेला चहा पातेल्यातल्या चहापेक्षा लवकर निवतो, तसेच हे. त्यात गच्चीवर वारा लागतो. डिसेंबर-जानेवारीत मराठवाड्यात पहाटेचे तापमान १० अंशांच्या आसपास येते, कधी त्याखालीही जाते. बर्फाळ देशांत पाइप गोठून फुटू नये म्हणून आवरण घालतात. आपल्याकडे ती भीती नाही, प्रश्न फक्त उष्णता निसटण्याचा आहे.

पाइपमध्ये किती पाणी अडकलेले असते?

टाकीपासून न्हाणीघराच्या नळापर्यंत १५ मीटर सीपीव्हीसी पाइप आहे असे धरू. एक मजली घरात, वळणे धरून, इतकी लांबी सहज होते. त्यात मावणारे पाणी असे :

- अर्धा इंची पाइप : सुमारे पावणेदोन लिटर
- पाऊण इंची पाइप : सुमारे ४ लिटर
- एक इंची पाइप : सुमारे साडेसहा लिटर

गरम पाणी नळाशी येण्याआधी एवढे पाणी बाहेर पडावेच लागते. प्रत्यक्षात थोडे जास्तच जाते, कारण येणारे गरम पाणी आधी थंड पाइपला तापवते. ‘मोठा पाइप टाकला की पाणी जोरात येते’ म्हणून अनेक घरांत गरम पाण्यालाही एक इंची लाइन टाकली जाते. धार जोरात येते हे खरे, पण रोज सकाळी वाया जाणारे पाणीही वाढते.

जाकीट घातल्याने किती फरक पडतो?

उष्णता वाहण्याच्या साध्या सूत्रांनी हे ढोबळमानाने काढता येते. पाऊण इंची पाइप, आत ६० अंशांचे पाणी आणि बाहेर १२ अंशांची हवा धरली, तर नळ बंद केल्यावर पाइपमधल्या पाण्याचे तापमान साधारण असे उतरते :

- १० मिनिटांनी : उघड्या पाइपमध्ये सुमारे ४५ अंश
- ३० मिनिटांनी : उघड्या पाइपमध्ये सुमारे २७ अंश, १३ मिलिमीटर जाडीचे जाकीट असेल तर सुमारे ४४ अंश
- एका तासाने : उघड्या पाइपमध्ये १७ अंश, जाकीट असेल तर ३३ अंश
- रात्रभरानंतर : दोन्ही पाइपमध्ये १२ अंश

वारा किती, पाइप कसला, यावर आकडे बदलतील, पण चित्र हेच राहते. यातली शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. सकाळच्या पहिल्या आंघोळीला जाकिटाचा काहीही उपयोग होत नाही. वाकळ स्वतः ऊब तयार करत नाही, अंगातली ऊब निसटू देत नाही. पाइपमधल्या चार लिटर पाण्याकडे आठ तास पुरेल एवढी ऊब नसतेच. ‘जाकीट घाला, सकाळी नळ सोडताच गरम पाणी येईल’ असे कोणी सांगत असेल, तर ते चूक आहे.

जाकिटाचा फायदा होतो तो पहिल्या आणि दुसऱ्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या आंघोळीच्या मधल्या वेळेत. घरातली माणसे पाच-दहा मिनिटांच्या अंतराने आंघोळ करत असतील, तर उघड्या पाइपनेही भागते. हे अंतर २० मिनिटे ते पाऊण तास असेल, तेव्हा जाकीट खरे कामाला येते. एक शाळेला जाणारा, एक कार्यालयात जाणारा आणि वडीलधारे निवांत आंघोळ करणारे, अशा घरांत नेमकी हीच स्थिती असते.

जाडी वाढवावी का? १३ ऐवजी १९ मिलिमीटरचे आवरण घेतले, तर एका तासानंतर तीन-चार अंशांचाच जास्त फायदा दिसतो. मोठा फरक पडतो तो उघड्या पाइपवर पहिले आवरण चढते तेव्हा.

लातूरमध्ये हा प्रश्न उष्णतेपेक्षा पाण्याचा का?

उन्हाने तापलेल्या पाण्यातली उष्णता फुकट असते. पाणी फुकट नसते. नांदेडला गोदावरीवरच्या विष्णुपुरी प्रकल्पाचा आधार आहे. लातूरची भिस्त मांजरा धरणावर आहे. २०१६ मध्ये हे धरण कोरडे पडल्यावर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली ‘जलदूत’ १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन, जवळपास ३४० किलोमीटरचे अंतर कापून लातूरला पोहोचली. पुढे ५० वाघिणींच्या गाडीतून एका खेपेत सुमारे २५ लाख लिटर पाणी येऊ लागले.

या पार्श्वभूमीवर वरचे गणित पुढे नेऊ. चार माणसांच्या घरात प्रत्येक आंघोळीआधी ४ लिटर पाणी मोरीत गेले, तर दिवसाला १६ लिटर आणि हिवाळ्याच्या १२० दिवसांत १,९२० लिटर जातात. पाइपला जाकीट असेल आणि आंघोळी अर्ध्या-अर्ध्या तासाने होत असतील, तर फक्त पहिल्या वेळचे ४ लिटर जातील. हंगामात वाचणारे पाणी १,४४० लिटर. एका घरापुरता हा आकडा लहान वाटतो. अशी १० हजार घरे धरली, तर तो १ कोटी ४४ लाख लिटर होतो, म्हणजे ५० वाघिणींच्या जलदूतच्या पावणेसहा खेपा.

यातली सर्वांत स्वस्त बचत मात्र जाकिटाची नाही, बादलीची आहे. नळ सोडल्यावर येणारे पहिले थंड पाणी बादलीत धरले, तर ते कपडे, फरशी किंवा झाडांसाठी वापरता येते. त्यासाठी एक रुपयाही खर्च होत नाही.

सोलरच्या टाकीत विजेची कॉइल लावलेली असेल किंवा बाहेरच्या गॅलरीत इलेक्ट्रिक गिझर असेल, तर हिशेबात वीजही येते. एक युनिट वीज २० लिटर पाणी सुमारे ४३ अंशांनी तापवते. ६० अंशांचे चार लिटर पाणी पाइपमध्ये पूर्ण निवले, तर दर वेळी पाव युनिटपेक्षा थोडी कमी वीज वाया जाते.

बंबाला जाकीट का लागत नव्हते?

मराठवाड्यातल्या वाड्यांत आणि शेतकरी घरांत अंगणात तांब्याचा बंब असे. पऱ्हाट्या, तुराट्या घालून तो पेटवला जाई. बंब न्हाणीच्या दाराशीच असे आणि तोटीखाली लावलेल्या बादलीतच गरम पाणी पडे. मधे पाइप नव्हता, त्यामुळे त्यात पाणी अडकून थंड होण्याचा प्रश्नच नव्हता. सोलर आला तेव्हा उन्हासाठी बंब गच्चीवर गेला आणि न्हाणी खालीच राहिली. हे मधले अंतर जितके कमी करता येईल, तितकी आवरणाची गरज कमी होते.

नवे घर बांधताना म्हणून सोलरची टाकी न्हाणीघराच्या डोक्यावरच्या बाजूला येईल असे पाहावे. सर्वांत जास्त वापराच्या नळाला जवळचा, सरळ मार्ग द्यावा. एकाच नळाला पाणी न्यायचे असेल आणि टाकी पुरेशी उंच असेल, तर बारीक पाइप चालतो. वरच्या मजल्यावर मात्र दाब कमी असल्याने तो फार बारीक करू नये.

कोणते आवरण घ्यावे?

- पांढऱ्या फोमच्या नळ्या (ईपीई) : स्वस्त आणि हलक्या, पण उघड्या उन्हात त्यांचा लवकरच भुगा होतो. घराच्या आत किंवा सावलीत ठीक.
- नायट्राइल रबरच्या काळ्या नळ्या : आत बंद कप्प्यांत हवा असल्याने पाणी शोषत नाहीत. गच्चीसाठी हा चांगला पर्याय आहे. मात्र उन्हाने यालाही तडे जातात, म्हणून वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, फॉइल टेप किंवा मोठ्या व्यासाचा पीव्हीसी पाइप हवाच. माकडे आणि खारींपासूनही पत्रा किंवा पीव्हीसीच राखण करतो.
- ग्लासवूल, रॉकवूल : जास्त तापमान सोसतात, पण पाणी शिरले की निकामी होतात. वर पक्के जलरोधक आवरण लागते.
- गोणपाट, चिंध्या : कोरडे असताना थोडेफार काम करतात. पावसात भिजले की उष्णता उलट बाहेर ओढतात आणि लोखंडी पाइप गंजवतात.

या सर्वांच्या मागे तत्त्व एकच आहे. उष्णता अडवते ती आवरणात कोंडलेली, स्थिर हवा. हवेच्या जागी पाणी शिरले किंवा आवरण दाबून चपटे झाले, की ते नावापुरतेच उरते.

विकत घेताना आणि बसवताना काय पाहावे?

मापाची चूक सर्रास होते. ‘पाऊण इंची’ म्हटले तरी सीपीव्हीसी पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे २२ मिलिमीटर असतो आणि जीआय म्हणजे लोखंडी पाइपचा सुमारे २७. नळी बाहेरच्या व्यासानुसार घ्यावी लागते. सैल नळीत वारा शिरतो. म्हणून दुकानात जाताना पाइपचा तुकडा किंवा दोऱ्याने मोजलेला घेर न्यावा. घेराला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो.

- आधी गळती तपासावी आणि दुरुस्त करावी. आवरणाखालची गळती महिनोन्महिने दिसत नाही.
- पाइप थंड, कोरडा आणि स्वच्छ असतानाच आवरण चढवावे.
- एल्बो, टी आणि व्हॉल्व्ह उघडे सोडू नयेत. सर्वाधिक कसर तिथेच राहते.
- आडव्या पाइपवर नळीची चीर खालच्या बाजूला ठेवावी, म्हणजे पावसाचे पाणी आत जात नाही.
- क्लॅम्प आवरणाच्या वरून, न आवळता लावावेत.
- गरम पाण्याची पूर्ण उघडी लाइन झाकावी. थंड पाण्याच्या लाइनचा टाकीजवळचा मीटरभर भाग झाकला तरी पुरे.

काय झाकू नये?

टाकीवरून वर जाणारी एअर व्हेंटची नळी कधीही बंद करू नये. उन्हाळ्यात पाणी उकळीजवळ जाते तेव्हा वाफ तिथूनच बाहेर पडते. इलेक्ट्रिक गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह, थर्मोस्टॅटचे झाकण आणि वायरींवर काही गुंडाळू नये. गॅस गिझरला तर कोणतेच आवरण घालू नये. त्यात आत ज्योत असते, हवा मोकळी राहणे आवश्यक असते.

जाकीट घालूनही पाणी कोमट येत असेल तर?

मग दोष पाइपचा नसावा. सायंकाळी वापर संपल्यावर नळाला स्थिर गरम पाणी येऊ लागले की स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरने तापमान घ्यावे. पहाटे, कोणी वापरण्याआधी, पुन्हा तसेच घ्यावे. मोजण्यासाठी सोडलेले पाणी बादलीत धरावे. फरक दहा-पंधरा अंशांचा असेल, तर टाकीचा बाहेरचा पत्रा गंजून फोममध्ये पाणी शिरले आहे का, हे तपासून घ्यावे.

सायंकाळीच पाणी कोमट असेल, तर काचेच्या नळ्यांवरची धूळ, आत साठलेले क्षार किंवा निकामी नळी हे संशयित. निर्वात नळीच्या टोकाशी असलेला चंदेरी रंग पांढुरका झाला असेल, तर आतली पोकळी गेली असे समजावे आणि नळी बदलावी.

यासाठी अनुदान मिळते का?

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर : मोफत बिजली’ योजनेत घरगुती ग्राहकांना ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. मात्र ते वीज तयार करणाऱ्या छतावरील सौर पॅनेलसाठी आहे. पाणी तापवणारा सोलर हीटर किंवा त्याच्या पाइपचे आवरण त्यात येत नाही. विक्रेत्याने दोन्हींची सरमिसळ केली, तर हे लक्षात ठेवावे.

थोडक्यात, क्रम कोणता?

आजपासून पहिले पाणी बादलीत धरा. शक्य असेल तर घरातल्या आंघोळी लागोपाठ उरका. आंघोळींमध्ये २० मिनिटांहून जास्त अंतर पडतच असेल, तर उघड्या पाइपला नायट्राइलचे आवरण आणि त्यावर उन्हापासून संरक्षण द्या. पाइप बदलायची वेळ आली, तर लांबी आणि जाडी दोन्ही कमी करता येतात का, हे प्लंबरला आधी विचारा.