सामायिक कामे : गावाच्या शिवेपलीकडचा कचरा आणि पाणी

गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. एवढ्या लहानशा राज्यात एक महानगरपालिका, १३ नगरपालिका व १९१ ग्रामपंचायती काम करतात. प्रत्येकीची हद्द ठरलेली आहे, प्रत्येकीचे अंदाजपत्रक वेगळे आहे आणि प्रत्येकीचे मतदारही वेगळे आहेत. स्थानिक स्वराज्याच्या दृष्टीने ही गोष्ट चांगलीच होय. दिवाबत्ती, गटारे, बाजार, गावातील पायवाटा अशी कामे ज्याची त्याने करावीत यात वाद नाही. परंतु काही कामे अशी आहेत की ती एकट्या पंचायतीच्या वा नगरपालिकेच्या हातून पुरी होऊ शकत नाहीत. हवामानबदलाची चर्चा सुरू झाल्यापासून अशा कामांची यादी वाढत चालली आहे. त्यांतील दोनतीन कामांचा विचार येथे करावयाचा आहे.

आरंभ खाजनापासून करणे योग्य ठरेल, कारण सामायिक कामाचा धडा गोमंतकीय शेतकऱ्याने फार पूर्वीच गिरवलेला आहे. मांडवी, जुवारी व इतर नद्यांच्या मुखांजवळील खाऱ्या पाण्याखालची जमीन बांध घालून लागवडीस आणली गेली, तिला आपण खाजन म्हणतो. राज्यात अशी जमीन सुमारे १८ हजार हेक्टर असल्याचे सांगितले जाते. चिखल, पेंढा, लाकूड व जांभा दगड यांनी रचलेला बांध आणि त्यात बसवलेली मानस ही या व्यवस्थेची दोन मुख्य अंगे. मानशीची दारे भरतीच्या लोटाने आपोआप मिटतात आणि ओहोटीच्या वेळी आतील पाण्याच्या दाबाने उघडतात. खारे पाणी बाहेर राहते, पावसाचे पाणी निघून जाते आणि कोरगुटासारखे खारटपणा सोसणारे भात आत पिकते. हे यंत्र वीज मागत नाही, तेल मागत नाही. मागते ती फक्त वेळेवरची देखभाल.

ही देखभाल एकट्याने करता येत नाही. बांधाला एके ठिकाणी भगदाड पडले तर पाणी कोणाचे शेत ते विचारत नाही. एका वाड्याने हयगय केली की शेजारच्या गावाची जमीनही खारट होते आणि ती पुन्हा पिकाऊ होण्यास काही पावसाळे जावे लागतात. म्हणूनच पूर्वी गावकरी संस्था बांधांची काळजी वाहत असत. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ही व्यवस्था बदलली आणि १९७५ मध्ये कुळांच्या संयुक्त जबाबदारीविषयी नियम करण्यात आले. त्यांनुसार कूळ संघ स्थापन झाले. नियमांच्या नावातील ‘संयुक्त जबाबदारी’ हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत. पुढे शहरांविषयी बोलताना त्यांची पुन्हा गरज पडणार आहे.

अर्थात सर्वच कूळ संघ जागरूक राहिले असे म्हणता येणार नाही. मानशीवर मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो आणि त्याची रक्कम भातापेक्षा अधिक भरते. मग मासळीच्या लोभाने दारे हवी तशी उघडी ठेवली जातात आणि खारे पाणी आत शिरते. पैसा मिळतो एकाला आणि नुकसान सोसतात अनेक. सामायिक व्यवस्था कोठे बिघडते हे दाखविण्यास याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. त्यात आता समुद्राची भर पडली आहे. जगातील समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, असा आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञ मंडळाचा निष्कर्ष आहे. उधाणाच्या दिवशी बांधाच्या माथ्याला टेकणाऱ्या पाण्याच्या दृष्टीने वीतभर उंची ही किरकोळ बाब नव्हे.

कचऱ्याचा प्रश्न

खाजनाचा बांध पिढ्यान् पिढ्या अंगवळणी पडलेला. कचऱ्याचे तसे नाही. तीस-चाळीस वर्षांपूर्वीपर्यंत गोव्यातील घराचा कचरा बहुतेक परसातच जिरत असे. नारळाची सोडणे चुलीत जात, उष्टे-खरकटे गुरांना वा डुकरांना, आणि उरलेले माडाच्या आळ्यात. प्लास्टिक आले, हॉटेले वाढली, परसे लहान झाली. आणि प्रत्येक पंचायतीने आपल्या हद्दीच्या अगदी टोकाला, बहुधा डोंगराच्या पठारावर, कचरा टाकण्यास एक जागा पाहिली. हद्दीचे टोक म्हणजे दुसऱ्या गावाची सुरुवात, ही गोष्ट मात्र सोयीस्करपणे विसरली गेली.

कळंगुट-साळगावच्या पठारावर अशीच एक कचराभूमी वाढत गेली. किनाऱ्यावरील हॉटेलांचा कचरा वर येऊन पडे आणि पावसाळ्यात त्याचा काळा निचरा उतारावरून खाली जाई. पायथ्याच्या लोकांना आपल्या झऱ्यांची व विहिरींची चिंता वाटू लागली व ती रास्तच होती. याच ठिकाणी शासनाने प्रक्रिया प्रकल्प उभारला आणि ३० मे २०१६ रोजी, घटकराज्यदिनी, त्याचे उद्घाटन झाले. आरंभीची क्षमता दिवसाला १०० टनांची होती. पुढे ती २५० टनांपर्यंत वाढविण्यात आली. किनारपट्टीवरील अनेक पंचायतींचा कचरा येथे एकत्र येतो. दक्षिण गोव्यासाठी कुडचडे-काकोडा नगरपालिकेच्या हद्दीत काकोडा येथे दिवसाला १०० टन क्षमतेचा दुसरा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. या कामासाठी गोवा कचरा व्यवस्थापन महामंडळ ही स्वतंत्र संस्थाही स्थापन झाली आहे.

या प्रकल्पांत होते काय, असा प्रश्न ग्रामसभांत नेहमी विचारला जातो; तेव्हा थोडे विस्ताराने सांगणे इष्ट होय. गाडी आल्यावर कचरा तोलला जातो, मग चाळण्यांतून व सरकत्या पट्ट्यांवरून फिरवून ओला व सुका भाग वेगळा करतात. ओल्या भागाचा लगदा करून तो बंद टाकीत सोडतात. टाकीत हवा शिरू दिली जात नाही. हवेवाचून जगणारे सूक्ष्म जीव हा लगदा कुजवितात आणि त्यातून वायू निघतो. ज्यांच्या घरी कधी गोबर गॅस होता त्यांना ही क्रिया नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. आकार तेवढा मोठा आहे. वायूवर इंजिन चालवून वीज तयार होते. उरलेला गाळ वाळवून त्याचे खत होते. सुक्या कचऱ्यातील कागद, काच, धातू विकले जातात आणि ज्याला गिऱ्हाईक नाही असे चिंध्या-प्लास्टिक गठ्ठे बांधून कर्नाटकातील सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांकडे इंधन म्हणून रवाना होते. म्हणजे आपल्या गावच्या पिशव्यांचा शेवटचा प्रवास घाट ओलांडून परराज्यात होतो! सामायिकपणाची कक्षा किती दूर पोचते याची ही खूण.

येथेच हवामानाचा संबंध येतो. ओला कचरा ढिगात दडपला गेला की त्याच्या पोटात हवा राहत नाही आणि तेथेही तोच वायू निघतो. फरक इतकाच की तो टाकीत न साठता आकाशात जातो. या वायूतील मुख्य भाग मिथेनचा. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर वजनास वजन मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट अधिक उष्णता अडवून धरतो, आणि वीस वर्षांचाच हिशेब धरला तर सुमारे ८० पट. शिवाय तो ज्वालाग्राही आहे. मडगावच्या सोनसोडो येथील जुन्या ढिगाला मे २०१९ मध्ये लागलेली आग अनेक दिवस धुमसत होती आणि तिचा धूर नगरपालिकेच्या हद्दीत थांबला नव्हता. यास्तव ओला कचरा वेगळा करून टाकीत घालणे हे स्वच्छतेचे काम तर आहेच, पण तेच हवामानरक्षणाचे सर्वांत सोपे व स्वस्त काम आहे. लहान गावाला पवनचक्क्या उभारणे जमणार नाही. केळीची साल प्लास्टिकपासून वेगळी ठेवणे जमेल.

आता कोणी म्हणेल की मग प्रत्येक पंचायतीने स्वतःचीच टाकी का बांधू नये? घरोघरी व वाड्यावाड्यांत खतकुंड्या जरूर कराव्यात; जितके जागच्या जागी जिरेल तितके उत्तम. पण मोठ्या प्रकल्पाचा हिशेब निराळा असतो. मध्यम पंचायतीचा ओला कचरा दिवसाला टन-दोन टनांच्या आत असावयाचा. तेवढ्यासाठी चाळण्या, इंजिन, तंत्रज्ञ व रात्रपाळीचा रखवालदार ठेवणे परवडत नाही. शिवाय सूक्ष्म जीवांना रोजचे खाद्य लागते. नाताळात पोटफुटीपर्यंत आणि जूनमध्ये उपास, असे त्यांना मानवत नाही. अनेक गावांचा कचरा एकत्र आला की हा चढउतार काहीसा सपाट होतो.

तरीही खरी अडचण यंत्राची नाही, जागेची आहे. ‘दुसऱ्याचा कचरा आमच्या गावात का?’ हा प्रश्न स्वार्थी ठरवून झटकून टाकणे अनेक अधिकाऱ्यांना सोपे वाटते. प्रस्तुत लेखकाच्या मते तो न्याय्य प्रश्न आहे. जुन्या गोव्याजवळ बायंगिणी येथे योजिलेल्या प्रकल्पाला रहिवाशांनी विरोध केला, त्यामागे वस्तीची व वारसास्थळांची काळजी होती. ज्या गावाने पूर्वी पंधरा-वीस वर्षे उघड्या ढिगाची दुर्गंधी सोसली त्या गावाने नव्या आश्वासनावर चटकन विश्वास ठेवावा ही अपेक्षाच चुकीची. विश्वास बसतो तो आकड्यांनी. आज किती गाड्या आल्या, कोणत्या गावाच्या आल्या, किती कचरा न निवडता आला, निचऱ्याच्या पाण्याची तपासणी केव्हा झाली आणि तिचा निकाल काय लागला, हे फलकावर मराठी व कोंकणीत लिहिलेले यजमान गावाला दिसले पाहिजे. कचरा पाठविणाऱ्या गावांनीही काही देणे लागते. वाहतूक व प्रक्रिया यांचा खर्च कोणी किती सोसावा, न निवडलेली गाडी परत पाठविली तर दंड कोणी भरावा, यजमान गावाच्या रस्त्याची दुरुस्ती कोणाकडे, हे आधी लेखी ठरले की पुढची निम्मी भांडणे टळतात. मानशीच्या लिलावात जे चुकले ते येथे चुकू नये.

पाणी व वीज

पाण्याच्या बाबतीत आपण नकळत शेजारधर्म पाळतच आहोत. पणजीकर जे पाणी पितात ते तिसवाडीचे नव्हे; ते फोंडा तालुक्यातील ओपा येथे खांडेपार नदीतून उचललेले असते. मडगाव व वास्को यांची तहान सांगे तालुक्यातील साळावली धरण भागवते. बार्देश, डिचोली व पेडणे यांना सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तिळारी धरणाचे पाणी मिळते. त्यासाठी गोवा व महाराष्ट्र यांच्यात १९९० मध्ये करार झाला. दोडामार्गाकडे कालवा फुटला की त्याची झळ बार्देशच्या नळांना लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपार येथे ओपाच्या जलवाहिन्या फुटल्या, तेव्हा ऐन पावसाळ्यात राजधानीवर टँकरपुढे रांगा लावण्याची पाळी आली. १६ मे २०२१ च्या तौक्ते वादळात झाडे पडून वीज गेली आणि विजेवाचून पंप थांबल्याने नळही कोरडे पडले. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या सत्तरी, सांगे, धारबांदोडा या तालुक्यांतील रान राखले जाते की नाही, हा प्रश्न म्हणूनच खालच्या शहरांच्या नगरसेवकांचाही आहे. पण त्याची चर्चा नगरपालिकेच्या सभेत सहसा ऐकू येत नाही.

घटनेतील तरतूद

अशी चर्चा व्हावयाची जागा घटनेने दाखवून दिलेली आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने २४३ झेडडी हा अनुच्छेद आला. त्यानुसार जिल्हा नियोजन समितीने पंचायती व नगरपालिका या दोहोंच्या योजना एकत्र करून जिल्ह्याचा विकास आराखडा तयार करावयाचा असतो. तो करताना दोहोंच्या सामायिक हिताच्या बाबी, विशेषतः पाणी व इतर नैसर्गिक साधनांची वाटणी, पायाभूत सोयींचा एकत्रित विकास आणि पर्यावरणाचे रक्षण, यांकडे लक्ष देण्यास घटना सांगते. समितीचे किमान चारपंचमांश सभासद जिल्हा पंचायत व नगरपालिका यांच्या निवडून आलेल्या सभासदांनी आपल्यातूनच निवडावयाचे, आणि तेही ग्रामीण व नागरी लोकसंख्येच्या प्रमाणात. थोडक्यात, साळगावचा प्रतिनिधी व म्हापशाचा प्रतिनिधी एकाच मेजाशी बसावेत अशी ही रचना आहे. तिचा उपयोग व्हावयास हवा तितका अद्याप झालेला नाही, हे मान्य केले पाहिजे. बहुतेक पंचायतींचे ठराव रस्ता, सभागृह व दिवे यांच्यापुढे जात नाहीत आणि समितीपुढे सामायिक विषय यावयाचा तर तो कोणत्या तरी ग्रामसभेतून वा नगरपालिकेतूनच वर यावा लागतो.

शेजारच्या दोन-तीन पंचायतींनी मिळून एकच ठराव आपापल्या ग्रामसभांत संमत केला तर त्याला अधिक वजन येते. ठरावात काम कोणते, कोणत्या गावांना त्याचा लाभ वा त्रास, प्रत्येकाचा वाटा किती आणि देखभाल कोणाकडे, एवढ्या चार गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. शाळांनाही यात वाव आहे. वरच्या वर्गातील मुलांनी आठवडाभर गावातील पंचवीस घरांचा ओला व सुका कचरा वेगवेगळा तोलून नोंद ठेवली तर दिवसाला किती किलो हे पंचायतीला प्रथमच कळेल. आणि ठरावाच्या पहिल्या ओळीत तोच आकडा घालता येईल.